पुढच्या ॲक्सलची गळती: ओलं दिसलं बाहेर, सील मेलं होतं आत

वेल्ह्याच्या पुढे एका वाडीच्या अलीकडे ओढा लागतो. जुलैतली गोष्ट, पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. गाडी आरामात पार झाली. पलीकडे उतरून मागे पाहिलं, तर पाण्यावरून मोरपंखी तवंग वाहत चाललेला. काठावर म्हशी घेऊन एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्याल गळतंय तुमच्या गाडीचं. खाली आमची जनावरं पाणी पित्यात."

मी काय बोलणार? याच गळतीच्या दुरुस्तीचे पैसे तीन आठवड्यांपूर्वी मोजून आलो होतो.

गाडी, आणि आधीची दुरुस्ती

गाडी २००६ ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढेमागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे. मी तिचा तिसरा मालक. दुसऱ्या मालकाने पुढचे लॉकिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येतं ते) काढून सरळ फ्लँज (चाक शाफ्टला कायम जोडून ठेवणाऱ्या तबकड्या) बसवले होते, म्हणजे टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढचे शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन (ॲक्सलच्या मधल्या डब्यातले गिअर) सतत फिरत राहतात. गाडी घेताना मला ही किरकोळ बाब वाटली होती. पुढे ती तशी किरकोळ राहिली नाही.

या गाडीच्या पुढच्या ॲक्सलची रचना आधी डोळ्यासमोर आणायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ॲक्सलच्या नळीच्या दोन्ही टोकांना पोकळ लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्यावर नकल (चाक धरणारं लोखंडी घर) बसते आणि वरच्या-खालच्या दोन किंगपिनांवर फिरते, म्हणून चाक वळतं. गोळ्याच्या आत सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी शाफ्टची फिरकी पोचवणारा सांधा) असतो आणि तो ग्रीसमध्ये बुडालेला असतो. नळीच्या आत मात्र ग्रीस नाही, तिथे डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं, पातळ गिअर ऑइल. एकाच गाडग्यात तूप आणि तेल शेजारी शेजारी ठेवायचं आणि मिसळू द्यायचं नाही, असा हा मामला.

ते मिसळू न देण्याचं काम नळीच्या तोंडाशी बसलेल्या छोट्या ऑइल सीलचं. ते बाहेरून कधीच दिसत नाही. बाहेर दिसतं ते दुसरंच: गोळ्याभोवती नकलच्या मागच्या बाजूला फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी, रबरी कडं आणि ते दाबून धरणारी पत्र्याची अर्धगोल पट्टी. यांचं काम गोळा पुसणं, चिखल बाहेर ठेवणं आणि घट्ट ग्रीस आत ठेवणं. आतलं सील म्हणजे घराचं दार, आणि बाहेरचं फेल्ट म्हणजे दारातलं पायपुसणं. पायपुसण्याने पूर अडत नाही.

जूनमध्ये उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं, पातळ काहीतरी ओघळलेलं दिसलं. घराजवळच्या गॅरेजात दाखवलं. त्यांनी फेल्ट, रबर, पट्टी असा बाहेरचा पूर्ण संच बदलला, नकल ग्रीसने ठासून भरली आणि गाडी दिली. चार-पाच दिवस गोळा कोरडा ठणठणीत. मग पुन्हा ओल आली. परत नेली, तर उत्तर मिळालं, "नवं फेल्ट आहे, बसायला वेळ लागतो." हे उत्तर मी मानलं, ही माझी चूक. फेल्ट बसायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण म्हणून चाकाच्या रिमवर थेंब पडत नाहीत.

आधी काय गळतंय ते ठरवलं

ओढ्यावरून परत आल्यावर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. पुढच्या चाकाच्या आत ओल दिसली की संशयित तीन: ब्रेक ऑइल, ग्रीसमधून सुटलेलं तेल, किंवा गिअर ऑइल. तिघांत धोका सारखा नाही, म्हणून हे आधी ठरवायला हवं. ब्रेक ऑइल निघालं तर गाडी तिथेच उभी करायची.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कटिंगच्या ग्लासात पाणी घेतलं, काडीने ओघळलेला थेंब त्यात सोडला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, हा थेंब वर तरंगला. म्हणजे ब्रेक नाही. मग वास घेतला. गिअर ऑइलमध्ये दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून गंधकयुक्त घटक मिसळलेले असतात, त्याचा कुजक्या अंड्याकडे झुकणारा उग्र वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. तोच वास होता. बोटावर चोळलं तर ग्रीसचा लगदा नव्हता, काळं सार होतं. नकलमधलं ग्रीस मॉलिब्डेनमचं, म्हणून रंग काळा, आणि ते गिअर ऑइलने पातळ केलेलं, म्हणून सार. इथेच पहिल्या दुरुस्तीचा निकाल लागला: आतलं सील गिअर ऑइल सोडत होतं आणि ते ग्रीस विरघळवून नव्याकोऱ्या फेल्टमधून बाहेर येत होतं.

तरी खात्रीसाठी दोन्ही बाजूंचे गोळे, डिफरन्शियलचा सांधा आणि पिनियनची बाजू रॉकेलने धुतली, फडक्याने कोरडी केली आणि सगळीकडे खडूची पूड मारली. वीस किलोमीटर फिरून आलो, रात्री खाली वर्तमानपत्र पसरून गाडी उभी केली. सकाळी उजव्या गोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात पूड ओली, कागदावर रुपयाएवढे दोन डाग. डाव्या गोळ्यावर जराशी तेलकट छटा, पण पूड जागेवर. डिफरन्शियलचा सांधा आणि पिनियन सील पांढरं स्वच्छ. डाव्या गोळ्यावरची ती छटा तशीही असतेच, अगदी कोरडा गोळा हीच उलट काळजीची गोष्ट, कारण मग फेल्ट सुकं घासतं.

फस्स

एवढ्यावर मी सील विकत घेऊन बसवून टाकलं असतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच आलो असतो. वाचलो ते मामांमुळे. मामा म्हणजे जुन्या जीप-जिप्सींची कामं करणारे, शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे मेकॅनिक. त्यांच्याकडे अठरा किलोमीटर गाडी चालवत नेली. मी सगळा तपास ऐकवला. त्यांनी मान हलवली, गाडीखाली सरकले आणि गाडी थंड व्हायची वाट न बघता डिफरन्शियलमध्ये ऑइल भरायचं बूच सोडवायला घेतलं.

(भरायचं बूच नेहमी आधी सोडावं. खालचं सोडून ऑइल सांडून बसलात आणि वरचं गंजून अडकलं, तर गाडी हलवता येत नाही.)

बूच शेवटच्या दोन आट्यांवर आलं आणि फस्स करून हवा सुटली. कडेने ताकासारखा फेस आला. मामा बाहेर आले, हात पुसले.

"साहेब, सील कसलं बदलताय? हिचा श्वास कोंडलाय. ब्रीदर कुठंय, दाखवा मला."

मला दाखवता येईना. ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या आतल्या हवेला आत-बाहेर जायची वाट. हौसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी कवचाच्या, माथ्यावर तांबड्या मातीचा कडक थर होता, त्याच्या खाली टोपणाएवढा ब्रीदर. स्क्रू-ड्रायव्हरने माती खरवडून तो काढला, मामांच्या हाताखालच्या पोराने तोंडात धरून फुंकला. गाल फुगले, हवा गेली नाही. तीन पावसाळे कोकणात आणि मावळात चिखलातून फिरलो, प्रत्येक वेळी प्रेशरने बॉडी धुतली, ब्रीदरकडे एकदाही पाहिलं नाही. ही चूक कोणत्याच गॅरेजची नाही.

ब्रीदर बंद असल्याने नेमकं काय होतं, याचं साधं गणित आहे. सकाळी हौसिंगमधली हवा ३० अंशांची धरली आणि चालवून ती ६५ अंशांवर गेली, तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे साडेअकरा टक्क्यांनी वाढतो. वातावरणाच्या दाबाच्या मानाने हे जवळजवळ पावणेदोन पीएसआय झाले. शिवाय दोन लिटर ऑइल तेवढ्या तापमानाला पन्नासेक मिलिलिटर फुगतं आणि हवेची जागा खातं, म्हणजे दाब अजून थोडा वर. टायरच्या हिशेबात हा आकडा हसण्यासारखा, पण साधं लिप सील दाब धरायला बनवलेलंच नसतं. त्याची कड शाफ्टवर हलकेच टेकते आणि मागची गोल स्प्रिंग तिला जेमतेम धरून ठेवते. जुन्या, कडक झालेल्या रबराला एवढा दाबही पुरतो. माझ्या गाडीत फ्लँजमुळे शाफ्ट सतत फिरत होते, ऑइल सतत तापत होतं. फोर-व्हील न लावताही रोज हा दाब बनत होता.

आता उलटं बघा. तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की मिनिटाभरात गार पडतो. आतली हवा आकसते. ब्रीदर उघडा असता तर वरून हवा आत गेली असती. तो बंद, म्हणून आत ओढ निर्माण होते आणि ती भागते सीलच्या कडेतून. सीलची कड आतलं ऑइल बाहेर जाऊ नये अशा दिशेने वळवलेली असते, बाहेरचं आत येताना ती फारसा विरोध करत नाही. फेल्टमधून नकलमध्ये आलेलं ओढ्याचं पाणी, ग्रीससकट, असं डिफरन्शियलमध्ये गेलं. म्हणून तो ताकासारखा फेस. ज्या वाटेने ऑइल बाहेर येत होतं त्याच वाटेने पाणी आत जात होतं.

एक कोडंही त्यात सुटलं. महिनाभर गळूनही ऑइलची पातळी फारशी उतरलेली नव्हती, जेमतेम बोटभर खाली. मी त्यालाच "गळती किरकोळ आहे" समजलो होतो. गेलेल्या ऑइलची जागा पाण्याने भरून काढली होती.

उघडल्यावर

खालचं बूच काढून सगळं घमेल्यात घेतलं. रंग दूध जास्त झालेल्या कॉफीचा. थोडं काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवलं, तर तळाशी बोटभर गढूळ पाणी बसलं. बुचाच्या चुंबकावर बारीक राखाडी लोणी होतं, पण दाताचे तुकडे नव्हते. बोटांत चोळून पाहिलं, खर लागली नाही. तेव्हा क्राऊन-पिनियन वाचलं असं धरून पुढे गेलो.

गाडी घोडीवर घेतली, चाक काढलं. कॅलिपर सोडून तारेने पाट्याला बांधला, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो. मग फ्लँज, हब, बेअरिंग. हबमधलं ग्रीसही ढिलं पडलेलं, म्हणजे ऑइल स्पिंडलमधून (हब ज्यावर फिरतो ती पोकळ दांडी) हबपर्यंत पोचलं होतं. अजून महिनाभर तसंच चालवलं असतं तर ब्रेक पॅडवर आलं असतं. पॅड सुदैवाने कोरडे निघाले.

स्पिंडल गंजाने चिकटलेलं. लाकडी हातोड्याने कडेकडेने ठोकून सुटलं आणि नकलच्या तोंडातून वाटीभर काळं सार घमेल्यात पडलं. शाफ्ट सीव्ही जॉइंटसकट बाहेर ओढला. किंगपिन काढताना वरचा-खालचा कोणता यावर आणि त्याखालच्या शिमांवर (पातळ चकत्यांवर) मामांनी खडूने खुणा करायला लावल्या. नकल उचलताना खालचं बेअरिंग पडतं, तिथे आधीच हात धरायचा. बेअरिंगवर गंजाचे खड्डे होते, पाण्याने तिथेही काम केलं होतं. किंगपिन ढिला झाला की नकल थोडी खाली बसते, गोळा कड्याच्या मधोमध राहत नाही, आणि फेल्ट एका बाजूला चेपतं नि दुसऱ्या बाजूला उघडं पडतं. तीन आठवड्यांपूर्वीचं नवं फेल्ट एका बाजूला चपटं झालेलं होतं ते यामुळे.

आता मुख्य आरोपी. आतलं सील हुक लावून बाहेर काढलं. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं, बांगडीसारखं कडक. पण मामांचं लक्ष शाफ्टवर. सील जिथे टेकतं तिथे चकचकीत गोल रेघ होती. "नख फिरवा," म्हणाले. नख अडकलं. मऊ रबर पोलादाला खाचतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खाचतं ते रबर नाही, त्याच्या कडेत रुतलेली बारीक माती. तीच कड मग वर्षानुवर्षं एकाच जागी कानशीसारखी चालते. अशा खाचेवर नवं सील बसवलं तर त्याची कड खाचेत नीट टेकत नाही आणि पहिल्याच दिवसापासून झिरपतं.

डाव्या बाजूलाही तोच दाब होता, मग फक्त उजवंच का गेलं, याचं उत्तरही तिथेच. दाब दोन्ही बाजूंना सारखा, खाच बहुधा एकीकडेच.

तीन वाटा होत्या. नवा शाफ्ट, जो सहज मिळत नव्हता. शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणं, त्या मापाची मिळायला आठवडा लागणार होता. किंवा सील खाचेपासून जरा सरकवून बसवणं. खाच उथळ होती आणि सीलच्या घरात दीडेक मिलिमीटर खेळायला जागा होती, म्हणून तिसरी वाट धरली. शाफ्टवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइल लावून गोल गोल फिरवला. गोलच, लांबीच्या दिशेने कधी नाही, नाहीतर त्याच रेघांतून ऑइल बाहेर चालतं. मग सील बाहेरच्या कडेच्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकत, पूर्वीपेक्षा थोडं बाहेर ठेवून बसवलं. कडेला बोटाने ग्रीस लावलं. शाफ्ट परत घालताना तो दोघांनी आडवा, समपातळीत धरून घातला, कारण त्याच्या टोकाचे स्प्लाइन (उभे दाते) नव्या सीलवर टेकले तर सील तिथेच कापलं जातं. मामांच्या मते निम्मी नवी सीलं याच क्षणी मरतात. मला ते पटलं, कारण आम्ही दोघे असूनही माझा हात एकदा खाली गेलाच होता.

बाकीचं भराभर झालं. दोन्ही किंगपिन बेअरिंग नवी. नकलवर ताणकाटा अडकवून ती किती जोराने फिरते ते पाहत शिमा जुळवल्या, हे फेल्ट लावायच्या आधी करायचं, नाहीतर फेल्टचाच विरोध मोजला जातो. गोळ्यावरचे गंजाचे ठिपके घासून सपाट केले. फेल्ट रात्रभर ऑइलमध्ये भिजवून मग बसवलं. सीव्ही जॉइंट पेट्रोलने धुऊन गोळ्या आणि पिंजरा तपासला, ठीक होता. मॉलिब्डेनमचं ग्रीस जॉइंटमध्ये हाताने दाबून भरलं आणि नकल साधारण पाऊण भरली. ठासून नाही.

ब्रीदर वर नेला

जुन्या जागी नुसता नवा ब्रीदर लावला असता तर तोही पुढच्या पावसाळ्यात मातीखाली गेला असता. हौसिंगच्या माथ्यावर ब्रीदरच्या जागी नळीचा तोटा बसवला आणि तिथून ऑइल सोसणारी रबरी नळी चॅसीवरून इंजिनच्या खोलीत, मागच्या भिंतीलगत वर नेली. टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर उलटा लावला. नळीला मध्ये कुठे झोळ ठेवला नाही, झोळात ऑइल किंवा पाणी साठलं की पुन्हा तीच कोंडी. ॲक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर नळी ताणली जाऊ नये म्हणून चाकं अधांतरी असतानाच लांबी मोजली. मत्स्यालयाची पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण उष्णतेने ती कडक होऊन तडकते.

ऑइल भरण्याआधी मामांनी एक चाचणी घेतली. भरायच्या बुचाच्या जागी तोटा लावून त्याला सायकलचा पंप जोडला, ब्रीदरची नळी चिमट्याने बंद केली आणि दाब दोन पीएसआयच्या आत ठेवत सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. यापेक्षा जास्त दाब दिला तर आपणच सील उडवतो. उजवीकडे फुगे नाहीत, पिनियनला नाहीत. डावीकडे गोळ्याच्या तळाशी एकच फुगा, तोही फार सावकाश वाढणारा. आम्ही दोघांनी तो पाहिला. दिवस कलला होता. मामा म्हणाले, "धरतंय अजून. बघत राहा."

ऑइल दोनदा भरलं. आधी साधं ८०डब्ल्यू-९० भरून पन्नास किलोमीटर फिरलो आणि काढून टाकलं, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पाणी एकदा काढून जात नाही. ते दुधट निघालंच. मग जीएल-५ दर्जाचं दोन लिटर.

नंतर

ऑगस्टमध्ये मुद्दाम गाडी तापवून बूच सोडलं. आवाज नाही. पाचशे किलोमीटरनंतर बुचातून काडी घालून पाहिलं, ऑइल मधाच्या रंगाचं, फेस नाही. उजव्या गोळ्यावर नुसती तेलकट छटा. सप्टेंबरात त्याच ओढ्यातून गेलो, पलीकडे थांबून दहा मिनिटं पाणी पाहिलं. म्हशी होत्या, बाई नव्हत्या.

जानेवारीत डाव्या गोळ्यावर मारलेली खडूची पूड तळाशी ओली झाली. फुगा आला होता तिथेच. सील आणून ठेवलंय, या वेळी स्लीव्हही मागवलीय, खाच असली तर. मामांकडे पुढच्या रविवारचा नंबर लागलाय.